मूरी रेशीम, ख्रिस्ती थाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन स्पेनचा विषय निघाला की गप्पा लगेच दोनपैकी एका फाट्यावर वळतात. कुणी म्हणतं, आठशे वर्षं नुसती कापाकापी चालली होती. कुणी म्हणतं, मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी गुण्यागोविंदाने नांदत होते. इथले प्रश्न मात्र तिसऱ्याच मंडळींबद्दल आहेत: ज्यांच्याशी लढायचं त्यांचंच रेशीम पांघरून मिरवणारे ख्रिस्ती राजे आणि सरदार.

"मूर" म्हणजे नेमके कोण?

उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेतानियाच्या लोकांना रोमन "माउरी" म्हणायचे, त्यावरून हा शब्द आला. ७११ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरलेल्या फौजेत बर्बर (उत्तर आफ्रिकेतले मूळचे लोक) जास्त आणि अरब कमी होते. पुढे तिथलेच कितीतरी लोक मुसलमान झाले. ख्रिस्ती शेजारी या सगळ्यांना सरसकट "मोरो" म्हणत. ते स्वतःला तसं म्हणवत नसत. आपल्याकडच्या जुन्या लिखाणात तुर्क, पठाण, मोगल सगळ्यांना एकाच दमात "यवन" म्हणून मोकळे होतात, तसलाच हा प्रकार.

त्यांच्या मुलखाचं नाव अल-अंदलुस. ९२९ ते १०३१ ही कोर्डोबाच्या खिलाफतीची भरभराटीची शंभर वर्षं. मग राज्याचे तुकडे झाले, आणि उत्तरेच्या ख्रिस्ती राजांनी एकेक शहर घेतलं: टोलेडो १०८५, कोर्डोबा १२३६, सेव्हिल १२४८. ग्रानादा तेवढं १४९२ पर्यंत टिकलं. खाली येणारे बहुतेक किस्से याच ओहोटीच्या काळातले आहेत.

ज्यांच्याशी लढायचं त्यांचीच नक्कल करायची, हे पटत नाही. पुरावा काय?

पुरावा थडग्यांत आहे. उत्तर स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा मठ आहे. कास्तिल या उत्तरेतल्या ख्रिस्ती राज्याचा राजा आल्फोन्सो आठवा आणि त्याची इंग्लंडहून आलेली राणी लिओनोर यांनी तो ११८७ मध्ये स्थापन केला आणि तिथेच राजघराण्याची दफनभूमी केली. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ही थडगी उघडली, तेव्हा आत हाडांपेक्षा कापडांनीच जास्त बोलायला सुरुवात केली.

बेरेंगेला राणीची उशी घ्या. आल्फोन्सो आठव्याची ही मुलगी १२४६ मध्ये वारली. तिचा मुलगा फर्नांडो तिसरा म्हणजे कोर्डोबा आणि सेव्हिल जिंकणारा राजा. चर्चने त्याला पुढे संतपद दिलं. त्याच्या आईच्या उशीचा अभ्रा लाल रेशमाचा आहे. मधल्या वर्तुळात नाचगाण्याचा प्रसंग विणलाय, आणि वर्तुळाभोवतीच्या पट्टीत अरबी अक्षरं आहेत: "अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही." धर्मयुद्ध लढणाऱ्याची आई हे उशाला घेऊन कायमची झोपली.

दुसरं उदाहरण फर्नांडो दे ला सेर्दा या राजपुत्राचं. १२७५ मध्ये मोरोक्कोहून आलेल्या फौजेला तोंड द्यायला निघाला आणि वाटेतच वारला. नेपोलियनच्या सैनिकांनी या मठातली थडगी फोडून लुटली, त्यातून त्याचं एकट्याचं सुटलं. त्यामुळे डोक्यावरच्या मोत्या-पोवळ्यांच्या टोपीपासून तलवारीच्या पट्ट्यापर्यंत सगळा पोशाख हाती लागला. अंगरख्याच्या कापडावर कास्तिलचे किल्ले आणि लिओन राज्याचे सिंह आहेत, म्हणजे घराण्याची चिन्हं अस्सल ख्रिस्ती. विणकामाची पद्धत अंदलुसी.

आणि अजून शंका असेल तर टोलेडोचा आर्चबिशप रोद्रिगो हिमेनेस दे रादा. १२१२ च्या, मूरांविरुद्धच्या लास नावासच्या लढाईसाठी फ्रान्सपर्यंत जाऊन धर्मयुद्धाचा डंका पिटणारा हा माणूस. १२४७ मध्ये त्याला पुरलं ते अरबी अक्षरं विणलेल्या रेशमात.

कपड्यावर काय लिहिलंय हे त्यांना वाचताच येत नसेल. अज्ञानातून झालं असेल ना?

बुर्गोसच्या एखाद्या सरदाराच्या बाबतीत तसं असू शकेल. पण सरसकट अज्ञानाच्या खात्यावर टाकता येत नाही. टोलेडो ख्रिस्ती राज्यात आल्यावरही तिथले जुने ख्रिस्ती रहिवासी घराची खरेदीखतं, मृत्युपत्रं अरबीत लिहीत होते, तेही तेराव्या शतकापर्यंत. राजाच्या पदरी अरबी जाणणाऱ्यांची वाण नव्हती.

आल्फोन्सो आठव्याचं नाणं तर या प्रश्नाचं रोख उत्तर आहे. मुसलमान राज्यांकडून येणारा सोन्याच्या नाण्यांचा ओघ आटला, तेव्हा ११७० च्या दशकात त्याने टोलेडोत स्वतःची मोहोर पाडायला घेतली. बाजारात लोकांचा विश्वास अरबी मजकुराच्या मोहोरेवर होता, म्हणून मजकूर अरबीच ठेवला. फक्त वरच्या बाजूला क्रॉस आला, खाली राजाच्या नावाची लॅटिन अक्षरं आली, आणि अरबीत पोपला "ख्रिस्ती धर्मपीठाचा इमाम" व आल्फोन्सोला "कॅथलिकांचा अमीर" म्हटलं. ज्याने हा मजकूर बेतला त्याला अरबी उत्तम येत होतं आणि बहुधा विनोदबुद्धीही होती.

बेरेंगेलाच्या मुलाची, फर्नांडो तिसऱ्याची, सेव्हिलच्या कॅथेड्रलमधली समाधीही पाहा. १२५२ मध्ये तो गेल्यावर आल्फोन्सो दहाव्याने बापाचा मृत्युलेख चार भाषांत कोरवला: लॅटिन, कास्तिलियन, हिब्रू आणि अरबी.

मग धर्माचा मजकूर खटकायचा कसा नाही? माझं मत असं की त्या लिपीकडे पाहताना आधी "भारी" हा अर्थ डोळ्यांत भरायचा आणि मजकूर नंतर. महागड्या रेशमाच्या काठाला अरबी अक्षरं असायचीच. अक्षरं आहेत म्हणजे माल अस्सल.

याची कमाल म्हणजे लेइरेची हस्तिदंती पेटी. हिजरी ३९५, म्हणजे इसवी सन १००४-०५ मध्ये कोर्डोबाचा सर्वसत्ताधीश अल-मन्सूर याच्या मुलासाठी, अब्द अल-मलिकसाठी, ती कोरली. वर सिंह, हत्ती, शिकार, दरबार आणि मालकाला अल्लाहची कृपा चिंतणारा लेख आहे. ही पेटी फिरत फिरत उत्तरेतल्या नाव्हारा या ख्रिस्ती राज्यातल्या लेइरे मठात पोचली आणि तिथे तिच्यात दोन संत बहिणींच्या अस्थी ठेवल्या: नुनिलो आणि अलोदिया. या दोघी कोण? नवव्या शतकात मुसलमान राजवटीत ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून मारल्या गेलेल्या मुली. मठातल्या साधूंना यात काही वावगं वाटलं नाही. संतांना घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू द्यायची, आणि घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच होती.

एवढा माल उत्तरेत पोचायचा कसा?

तीन-चार वाटांनी. लूट तर होतीच. खंडणी होती: खिलाफत मोडल्यावर छोट्या मुसलमान राज्यांनी ख्रिस्ती राजांना "पारियास" नावाची सोन्यातली खंडणी दिली, आणि त्या सोन्यातून उत्तरेतल्या दरबारांना शौक परवडू लागले. सरळ व्यापारही होता. बाराव्या शतकातला भूगोलकार अल-इद्रिसी लिहितो की एकट्या अल्मेरिया शहरात रेशमाचे ८०० माग होते. शेतीभाती आणि मेंढरं यांवर चाललेल्या कास्तिलच्या डोंगराळ मुलखातून तिकडे बघणाऱ्याला काय वाटत असेल, कल्पना करा.

चौथी वाट भेटींची, आणि ती सगळ्यात मजेदार.

भेटींची म्हणजे? आपल्याकडच्या "खिलती"सारखं काही?

सारखं नव्हे, तेच. अरबी "खिलआ", म्हणजे राजाने मान म्हणून दिलेला पोशाख. तोच शब्द फारसीतून दख्खनच्या दरबारांत "खिलत" होऊन आला. पोशाख स्वीकारला की मान मिळाला आणि देणाऱ्याचं वरचढपणही कबूल झालं, हा त्यातला पेच. बखरी वाचलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

कोर्डोबात हेच चालायचं. ९६२ मध्ये लिओनची गादी गमावलेला ओर्दोन्यो चौथा खलिफा दुसऱ्या अल-हकमकडे मदत मागायला गेला. गुडघे टेकले, हात जोडले, आणि जाताना जरीचा मानाचा पोशाख घेऊन गेला. त्याचा प्रतिस्पर्धी सांचो त्याआधीच कोर्डोबाची वारी करून आलेला. तो इतका लठ्ठ होता की सरदारांनी त्याला गादीवरून उतरवलं होतं. कोर्डोबाच्या यहुदी वैद्याने, हसदाई इब्न शाप्रुतने, त्याला बारीक केलं आणि खलिफाच्या फौजेने पुन्हा गादीवर बसवलं. ज्या शहरात राज्यही परत मिळतं आणि पोटही कमी होतं, त्या शहराच्या कपड्यांची फॅशन उत्तरेत न चालती तरच नवल.

आपल्याकडची जोडी लावायचीच तर शिवकाळाकडे बघा. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पेशव्याचा पंतप्रधान आणि मुजुमदाराचा अमात्य केला. तरी पुढच्या शंभर वर्षांत "पेशवा" हाच शब्द तोंडी राहिला आणि सरदारांचा जामा, शिरपेच, चौघडा यांचा थाट दरबारी फारसी वळणाचाच राहिला. सत्ता कशी "दिसते" याचा नमुना एकदा डोळ्यांत बसला की तो कोणाच्या घरचा हे फारसं कुणी विचारत नाही.

सेव्हिलचा अल्काझार हा राजवाडा मुसलमान राजाने बांधला ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि चुकणाऱ्याचा दोष नाही. फोटोत दिसतो तो नक्षीदार महाल कास्तिलच्या ख्रिस्ती राजाने, पहिल्या पेद्रोने, बांधला. किल्ल्याची जागा जुनी, मुसलमान काळातली. पण महाल १३६४ चा, म्हणजे सेव्हिल ख्रिस्ती राज्यात येऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यानंतरचा.

दर्शनी भिंतीसमोर उभं राहून वर बघा. कडेने गॉथिक अक्षरांत कास्तिलियन लेख आहे: अतिउच्च, अतिथोर, अतिसमर्थ, विजयी राजा दॉन पेद्रो याने हे महाल आणि ही दारं बांधवली, शक १४०२. हा शक स्पॅनिश, आपल्या इसवीच्या हिशेबाने १३६४. आणि या लेखाने वेढलेल्या चौकोनात निळ्या-पांढऱ्या फरश्यांत भूमितीची नक्षी वाटावी अशी कोनेदार, अरबी लिपीच्या कुफी धाटणीची अक्षरं. ती वाचली तर निघतं: "अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही." हे ग्रानादाच्या नासरी सुलतानांचं ब्रीद, त्यांच्या अलहाम्ब्रा राजवाड्याच्या भिंतींवर जागोजागी आहे तेच. बाहेर "विजयी पेद्रो" आणि आत "अल्लाहशिवाय विजेता नाही", एकाच भिंतीवर. महालात इतरत्र अरबीत "आमचा स्वामी सुलतान दॉन पेद्रो" याचा जयजयकारही आहे.

यामागे दोस्ती होती. ग्रानादाचा सुलतान पाचवा मुहम्मद १३५९ मध्ये गादीवरून हाकलला गेला, तेव्हा पेद्रोने त्याची बाजू घेतली. १३६२ मध्ये गादी बळकावणारा सहावा मुहम्मद तहासाठी सेव्हिलला आला तर पेद्रोने त्याला स्वतःच्या हाताने मारलं. इंग्लंडच्या राजमुकुटात समोर बसवलेला तो मोठा लाल खडा त्या सुलतानाच्या अंगावरून पेद्रोने काढून घेतला, असं परंपरेने सांगतात. त्याला "ब्लॅक प्रिन्सचा माणिक" म्हणतात, प्रत्यक्षात तो माणिक नसून स्पिनेल आहे. पाचवा मुहम्मद गादीवर परतला आणि त्याने अलहाम्ब्रातला सिंहांचा महाल बांधला. दोन मित्रांची दोन बांधकामं थोड्याफार अंतराने चाललेली, आणि ग्रानादाचे कारागीर सेव्हिलच्या कामावरही होते.

याच बांधकामाच्या सुमारास ग्रानादाचा वकील म्हणून पेद्रोच्या दरबारी कोण आलं असेल? इतिहासकार इब्न खलदून. त्याचे पूर्वज सेव्हिलचेच. पेद्रोने त्याला सांगितलं, इथेच राहा, तुझ्या पूर्वजांची मालमत्ता परत देतो. इब्न खलदूनने नम्रपणे नकार दिला.

पेद्रो जरा विक्षिप्तच होता म्हणतात. एकट्या माणसाचा शौक असेल.

पेद्रोला त्याच्या सावत्र भावाने, त्रास्तामाराच्या एनरिकेने, १३६९ मध्ये ठार मारलं आणि गादी घेतली. एनरिकेच्या प्रचाराचा एक मुद्दाच हा होता की पेद्रो मुसलमानांचा आणि यहुद्यांचा मित्र, खऱ्या धर्माचा वैरी. मग गादीवर आल्यावर एनरिकेने काय केलं? आपल्या बापाच्या आणि आजोबाच्या समाधीसाठी कोर्डोबाच्या जुन्या मशिदीत, म्हणजे तेव्हाच्या कॅथेड्रलमध्ये, राजघराण्याचं प्रार्थनालय १३७१ मध्ये पुरं केलं. मधाच्या पोळ्यासारखं घुमटकाम, चुन्याची जाळी, अरबी लेख. पेद्रोच्या महालाला भाऊ शोभेल असं. निवडणुकीतली भाषणं एकीकडे आणि नेत्याच्या बंगल्याचं इंटिरियर दुसरीकडे, हे काही आजचं नाही.

यहुदी श्रीमंतांचीही आवड तीच. पेद्रोचा खजिनदार साम्युएल हालेव्ही याने टोलेडोत बांधलेल्या सिनेगॉगच्या (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवर हिब्रूच्या जोडीला अरबी अक्षरं आणि तीच चुन्याची जाळी आहे. तिघांचे देव वेगळे, गवंडी एकाच घराण्यातला.

हे काम करायचे कोण?

ख्रिस्ती राज्यात राहिलेले मुसलमान कारागीर आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले ख्रिस्ती. अशा मुसलमानांना "मुदेहार" म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ "राहू दिलेला", आणि त्याला "माणसाळवलेला" अशीही छटा आहे. शैलीला आज हे नाव मोठ्या कौतुकाने देतात, पण शब्दात काय दडलंय ते लक्षात ठेवलेलं बरं.

व्हॅलेन्सियाजवळच्या मानिसेस गावच्या कुंभारांचं उदाहरण मला फार आवडतं. पंधराव्या शतकात त्यांची सोनेरी झळाळीची ताटं स्पेनच्या राजवाड्यांत आणि फ्लॉरेन्सच्या सावकारांच्या घरात कपाटात दिमाखाने मांडलेली असत, मधोमध त्या त्या घराण्याचं चिन्ह रंगवून. त्यात सोन्याचा कणही नसे. भांडं एकदा भाजायचं, कथलाचा पांढरा झिलईलेप देऊन दुसऱ्यांदा भाजायचं, मग चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढून तिसऱ्यांदा भट्टीत. ही तिसरी आच मंद, आणि हवा कोंडून धूर केलेली. धुरात ऑक्सिजन कमी पडतो, क्षारांतला धातू मोकळा होऊन झिलईवर अतिशय पातळ थर धरतो. भट्टीतून काढल्यावर काळपट दिसणारं ताट पुसलं की झळकायचं. आच थोडी चुकली की अख्खी भट्टी वाया. सरदाराला हवं होतं ते हेच, की बघणाऱ्याला कळावं, हे सहज मिळणारं नाही.

घरात बसण्या-उठण्यातही फरक पडला होता का?

खूप. स्पेनच्या खानदानी बायका "एस्त्रादो"वर बसायच्या: खोलीच्या एका बाजूला बुटका चौथरा, त्यावर गालिचा, त्यावर उशा आणि लोड. मांडी घालून बसायचं, तिथेच विणकाम, तिथेच पाहुण्यांशी बोलणं. आपल्याला यात विशेष काय, गादी-तक्क्याची बैठक आपल्या वाड्यावाड्यातून होती. पण बाकीच्या युरोपला हे फार विचित्र वाटायचं. खुर्ची पुरुषांना आणि गालिचा बायकांना, ही रीत स्पेनमध्ये सतराव्या शतकातही चालू होती. उशीला स्पॅनिशमध्ये "आल्मोआदा" आणि गालिच्याला "आल्फोम्ब्रा" म्हणतात, दोन्ही अरबीतून आलेले.

आल्फोन्सो दहाव्याची सावत्र बहीण एलिनॉर इंग्लंडच्या राजपुत्राला, पुढच्या पहिल्या एडवर्डला, दिली. १२५५ मध्ये ती लंडनला पोचली तेव्हा तिच्या खोल्यांत रेशमी पडदे लावले आणि जमिनीवरसुद्धा गालिचे अंथरले. जमिनीवर कापड! लंडनकरांनी नाकं मुरडली, इतिवृत्तकाराने ते लिहून ठेवलं. पुढे गालिचे तिथेही रुळले.

कास्तिलचा राजा चौथा एनरिके (राज्यकाल १४५४ ते १४७४) याच्या बाबतीत मात्र हा शौक अंगाशी आला. त्याच्या पदरी मूर शरीररक्षकांची तुकडी होती. बोहेमियाचा एक सरदार लवाजम्यासह त्याला भेटायला गेला, तेव्हा राजा जमिनीवर गालिच्यावर बसलेला. तो खाणंपिणं, कपडे सगळं मूरांच्या पद्धतीने करतो, असं त्या लवाजम्यातल्या एकाने लिहिलं. बंडखोर सरदारांनी १४६५ मध्ये आविला गावाबाहेर राजाचा पुतळा सिंहासनावर बसवून, मुकुट-तलवार काढून घेऊन, लाथ मारून खाली पाडला. त्याच्यावरच्या आरोपांत मूरांचा लळा हाही एक होता. गंमत अशी की हे आरोप करणाऱ्यांच्या घरीही एस्त्रादो होतेच. आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या इसाबेलाचा नवरा, ग्रानादा जिंकणारा फर्डिनांड, १४८६ मध्ये इयोराच्या छावणीत राणीला सामोरा आला तो कमरेला उंची मूरी तलवार लावून.

"हिनेता" म्हणजे काय?

घोडा चालवण्याची मूरी तऱ्हा. युरोपच्या चिलखती सरदाराचं खोगीर जड, रिकिबी लांब, पाय ताठ. हिनेतात रिकिबी आखूड, गुडघे दुमडलेले, खोगीर हलकं, घोडा क्षणात वळवता येतो. धाडी आणि हुलकावण्यांच्या लढाईला दुसरं उत्तर नव्हतं. शब्द बर्बरांच्या झनाता टोळीवरून आला, आणि आज स्पॅनिशमध्ये घोडेस्वाराला साधं "हिनेते" म्हणतात. (आपली रिकीबसुद्धा अरबीच, "रिकाब".)

यातून सरदारांचा आवडता खेळ निघाला, बोरूचे भाले. दोन पथकं समोरासमोर, एकमेकांवर पोकळ बोरू फेकायचे, कातडी ढालीवर अडवायचे आणि घोडा गर्रकन फिरवून पळ काढायचा. अंगात "मार्लोता" हा मूरी झगा घालायची रीत होती. राज्याभिषेक, शाही लग्न, बारसं, काही असलं की हा खेळ व्हायचाच.

म्हणजे एकूण वातावरण बरंच सहिष्णू होतं, असं म्हणता येईल?

नाही. आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

१२५८ च्या वल्लाडोलिडच्या राजसभेचे नियम बघा. ख्रिस्ती गावांत राहणाऱ्या मुसलमानांनी केस गोल कापावेत, दाढी राखावी, तलम रेशीम वापरू नये, पांढरे किंवा सोनेरी जोडे घालू नयेत. बेरेंगेला राणी त्या रेशमी उशीवर विसावून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. विणायचं मूराने, पांघरायचं राजाने, आणि विणणाऱ्याने पांघरलं तर दंड.

ग्रानादा पडल्यावर हे आणखी उघडं झालं. मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती केलं, त्यांना "मोरिस्को" म्हणू लागले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या हुकुमाची दवंडी १ जानेवारी १५६७ रोजी ग्रानादात पिटली गेली: अरबी बोलणं बंद, मूरी कपडे बंद, बायकांचे बुरखे बंद, हमाम बंद. फ्रान्सिस्को नून्येस मुलेय नावाच्या वयोवृद्ध मोरिस्को मानकऱ्याने अर्ज लिहिला. त्याचा युक्तिवाद साधा होता: हा धर्माचा पोशाख नव्हे, ग्रानादा प्रांताचा आहे. प्रत्येक प्रांताचा वेगळा असतो, तसाच. गरीब बायकांनी पेटीत जपलेले कपडे टाकून नवे घ्यायचे कुठून? अर्ज फेटाळला. १५६८ मध्ये बंड झालं, १५७१ पर्यंत ते चिरडलं. १६०९ ते १६१४ या काळात तीन लाखांच्या आसपास मोरिस्को देशाबाहेर हाकलले गेले.

आणि १६२३ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र चार्ल्स माद्रिदला आला तेव्हा त्याच्या स्वागताला भर चौकात बोरूच्या भाल्यांचा खेळ झाला. राजा चौथा फिलिप स्वतः घोड्यावर होता.

उलट दिशेनेही नक्कल व्हायची का?

व्हायची. इब्न खलदूनने "मुकद्दिमा" या आपल्या ग्रंथात लिहिलंय की हरलेला नेहमी जिंकणाऱ्याची नक्कल करतो, आणि पुरावा म्हणून अंदलुसी मुसलमानांकडे बोट दाखवलंय: कपडे, चिन्हं, भिंतीवर चित्रं काढणं, सगळं उत्तरेकडच्या ख्रिस्त्यांसारखं. अलहाम्ब्रात "राजांच्या दालना"च्या छतावर चामड्यावर रंगवलेले ख्रिस्ती धाटणीचे सरदार, शिकारी आणि बायका आजही आहेत. फक्त पेद्रोच्या महालात जाऊन आलेल्या माणसाने जिंकणाऱ्यानेही हरणाऱ्याची नक्कल केल्याचं नियमात का बसवलं नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

झिरयाबने युरोपला टूथपेस्ट आणि तीन टप्प्यांचं जेवण दिलं, हे खरं?

झिरयाब खरा. बगदादकडून ८२२ मध्ये कोर्डोबाला आलेला मोठा गवई. बाकी बरीचशी यादी फार उशिराच्या लेखकांच्या कौतुकातून फुगली आहे. फॉरवर्ड करण्याआधी थांबा.

स्पेनबाहेर असं कुठे दिसतं?

सिसिलीत. नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरचा लाल झगा पालेर्मोत हिजरी ५२८ मध्ये, म्हणजे ११३३-३४ मध्ये विणला. त्यावर उंटाला दाबून धरलेले दोन सिंह आहेत आणि काठाला कुफी लेखात हिजरी सन. पुढे हाच झगा जर्मन सम्राटांचा राज्याभिषेकाचा पोशाख झाला आणि १७९२ पर्यंत वापरात राहिला. प्रवासी इब्न जुबैरने ११८४ च्या नाताळात पालेर्मोच्या ख्रिस्ती बायका पाहिल्या: जरीचे कपडे, रंगीत ओढण्या, मेंदी, अत्तर, सगळं मुसलमान बायकांसारखं.

बुद्धिबळसुद्धा याच वाटेने गेलं का?

हो. आपलं चतुरंग, फारसीत चतरंग, अरबीत शतरंज, स्पॅनिशमध्ये "आखेद्रेस". आल्फोन्सो दहाव्याने १२८३ मध्ये सेव्हिलला खेळांचा सचित्र ग्रंथ करवला. त्याची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका राजाच्या गोष्टीने होते, आणि एका चित्रात तंबूत मूर आणि ख्रिस्ती पटावर समोरासमोर बसलेले आहेत. सरदाराच्या मुलाला घोडा आणि तलवारीसोबत पटही यावा, अशी अपेक्षा असायची.

गोव्यातल्या निळ्या फरश्यांचा या सगळ्याशी संबंध आहे?

आहे. "अझुलेज" हा शब्द पोर्तुगीज निळ्या रंगावरून, "अझुल"वरून आला असं वाटतं, पण तो अरबी "अझ-झुलैज" वरून आलाय, अर्थ झिलईचा तुकडा. पोर्तुगालच्या पहिल्या मानुएलने सेव्हिलहून मूरी नक्षीच्या फरश्या मागवून सिंत्राचा राजवाडा सजवला. १५१० मध्ये त्याच्याच राजवटीत गोवा पोर्तुगीजांकडे गेलं. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातली निळी चित्रं विसाव्या शतकातली, शैली पूर्ण युरोपीय. पणजीच्याच फाँटेन्यास वस्तीतल्या घरांच्या नावाच्या पाट्याही अलीकडच्या. नाव तेवढं अंदलुसचं राहिलं.

प्रत्यक्ष बघायचं तर कुठे जावं?

सेव्हिलचा अल्काझार सगळे बघतातच; दर्शनी भिंतीपाशी घाई करू नका, मान दुखेपर्यंत वर बघा. लेइरेची पेटी पॅम्प्लोनाला, नाव्हाराच्या संग्रहालयात. रॉजरचा झगा व्हिएन्नाच्या शाही खजिन्यात. कोर्डोबाच्या मशीद-कॅथेड्रलमध्ये गेलात तर एनरिकेचं प्रार्थनालय विचारून शोधा, नाहीतर खांबांच्या रानात ते सहज नजरेतून सुटतं. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर लास उएल्गासचं कापडांचं संग्रहालय निवडा. तिथे उजेड मुद्दाम मंद ठेवतात, रेशमाचा रंग उडू नये म्हणून. डोळे सरावायला दोन मिनिटं जातात, मग हळूहळू किल्ले दिसू लागतात, सिंह दिसू लागतात, आणि काठाची अक्षरं.